फ्रिक्वेन्सी तीच, स्टेशन भलतंच! आपल्या शहरातला एफएम एका रात्रीत का बदलतो?

सकाळी ऑफिसला निघालात. गाडी सुरू केली, सवयीने रेडिओचं तिसरं बटण दाबलं आणि भलताच आवाज ऐकू आला. रोजचा आरजे नाही, ओळखीची ट्यून नाही, जुन्या गाण्यांच्या जागी धाडधाड नवी गाणी. आधी वाटतं बटण चुकलं. मग आकडा बघता, तर तो बरोबर असतो.

पुण्यात माझ्याबाबतीत हे दोनदा झालंय. दुसऱ्या वेळी न राहवून स्टेशनला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, आता आम्ही नव्या रूपात आलोय!" जुनं रूप कुठे गेलं, सकाळचा तो आरजे कुठे गेला, हे तिलाही माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ ऐकतं कोण? फोनमध्ये सगळी गाणी आहेत की. मान्य. पण रिक्षावाले ऐकतात, टपरीवर ऐकतात, ट्रॅफिकमध्ये अडकलेले ऐकतात, स्वयंपाक करताना लाखो घरांत ऐकतात. आणि असं एका रात्रीत बदलणारं स्टेशन फक्त गाणी घेऊन जात नाही. त्याच्यासोबत आणखीही काहीतरी जातं. काय, ते बघू.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?

रेडिओच्या धंद्यात याला फॉरमॅट बदलणं म्हणतात. फॉरमॅट म्हणजे स्टेशनचा स्वभाव म्हणा ना. गाणी कोणत्या काळातली, भाषा कोणती, आरजेने किती बोलायचं आणि समोर कोण बसलंय असं समजून बोलायचं, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. फक्त नवी हिट गाणी वाजवणाऱ्या स्टेशनला सीएचआर म्हणतात, जुन्या दशकांवर जगणाऱ्याला रेट्रो. निव्वळ गप्पांवर चालतं ते टॉक स्टेशन. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही. त्याचं कारण पुढे येईल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. सरकार परवाना देतं तो फ्रिक्वेन्सीचा, फॉरमॅटचा नाही. आज गझला वाजवणारं स्टेशन उद्या सकाळपासून पंजाबी रॅप वाजवू लागलं, तर त्याला कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही. ऐकणाऱ्यांची तर नाहीच नाही.

मुंबईचा आकडा आणि बदललेल्या पाट्या

उदाहरणासाठी मुंबई घेऊ, कारण एफएमचे प्रयोग तिथे भरपूर झाले.

२००७ मध्ये मुंबईत १०४.८ वर 'म्याव' नावाचं स्टेशन सुरू झालं. इंडिया टुडे समूहाचं. खास बायकांसाठी, आणि गाण्यांपेक्षा गप्पांवर भर. भारतात असं स्टेशन म्हणजे धाडसच होतं. काही वर्षांत त्याचं 'ओये' झालं आणि गप्पा मागे पडून हिंदी गाणी आली. मग त्याचं 'इश्क' झालं आणि प्रेमगीतांचा मारा सुरू झाला. साधारण दहा वर्षांत एकाच आकड्यावर तीन पाट्या लागल्या. 'म्याव'वर घरातल्या कुरबुरींवर बोलायला फोन करणारी बाई 'इश्क'वर काय करणार होती?

दुसरी गोष्ट 'गो ९२.५'ची. हे मिड-डे समूहाचं स्टेशन २००२ मध्ये आलं. बोलणं इंग्रजी वळणाचं, ऐकणारा वर्ग कॉलेजचा आणि ऑफिसचा. पुढे त्याचं 'रेडिओ वन' झालं, हिंदी गाणी आली आणि आकडाही बदलून ९४.३ झाला. नवी स्टेशनं आल्यावर दोन स्टेशनांमध्ये ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं ठरलं होतं, म्हणूनच ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी ओळीने बसलेली स्टेशनं तुम्हाला दिसतात. गंमत म्हणजे आणखी काही वर्षांनी हेच रेडिओ वन मुंबईत पुन्हा इंग्रजी गाण्यांकडे वळलं. ज्यांना हाकललं होतं त्यांनाच परत बोलावलं म्हणायचं!

त्याच पहिल्या फळीत 'विन ९४.६' होतं. त्याला फॉरमॅट बदलायचीही उसंत मिळाली नाही. तीनेक वर्षांत ते बंदच पडलं.

आणि रातोरात गायब होण्याची सवय तर त्याही आधीची आहे. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे ही नावं तेव्हाची. नव्वदच्या दशकात मुंबईत कॉलेजला असलेल्या कुणालाही विचारा, डोळे चमकतील. जून १९९८ मध्ये सरकारने हे करार पुढे वाढवले नाहीत आणि ते आवाज बंद झाले.

पण बदलतात का?

एका शब्दात उत्तर द्यायचं तर पैसा. पण ते गणित समजून घेण्यासारखं आहे.

खासगी एफएमचा पहिला लिलाव १९९९-२००० मध्ये झाला. ४० शहरं, १०८ फ्रिक्वेन्सी. उत्साहात कंपन्यांनी तुफान बोल्या लावल्या. मुंबईची फी वर्षाला ९.७५ कोटी रुपयांवर गेली आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ होती. कॅल्क्युलेटर काढा. दहाव्या वर्षी हा आकडा ३४ कोटींच्या पुढे जातो. स्टेशन चालो न चालो, फी भरायचीच. परिणाम असा झाला की १०८ पैकी जेमतेम वीस-बावीस स्टेशनं प्रत्यक्षात सुरू झाली.

जी सुरू झाली, त्यांच्या मानेवर एवढा बोजा असताना नाट्यगीतांचं किंवा लोकसंगीताचं स्टेशन काढायची हिंमत कोण करणार? सगळ्यांनी हिंदी सिनेमाची नवी गाणी धरली. पाच स्टेशनं, पाच नावं आणि गाणं एकच. २००५ मध्ये सरकारने पद्धत बदलली. एकदाच प्रवेश शुल्क भरायचं आणि मग वर्षाच्या उत्पन्नाच्या ४ टक्के द्यायचे. स्टेशनं भराभर वाढली, पण तोवर सगळ्यांना एकाच साच्याची सवय लागली होती.

पुढचा मुद्दा महत्त्वाचा. रेडिओ आपल्याला फुकट मिळतो. स्टेशनचं बिल भरतो तो सराफ, बिल्डर, साड्यांचं दुकान, क्लासवाले आणि सरकार. हा व्यवहार दहा सेकंदांच्या हिशोबाने चालतो. सरकारी जाहिरातींचा मूळ दर २०२३ मध्ये ४३ टक्क्यांनी वाढून दहा सेकंदांना ७४ रुपये झाला. लाखांत आणि कोटींत बोलणाऱ्या टीव्हीच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. एवढ्यात वीज, ट्रान्समीटर, पगार, गाण्यांची रॉयल्टी, सगळं भागवायचं. त्यामुळे जाहिरातदाराला जो श्रोता हवा, त्याच्यासाठी स्टेशन चालतं. तुम्ही त्यात बसत नसाल, तर तुम्ही कितीही निष्ठावान असा, उपयोग नाही.

बरं, कोण किती ऐकतं हे तरी नीट मोजलं जातं का? २००७ मध्ये 'रॅम' नावाची मोजणी सुरू झाली. निवडक लोकांना डायरी द्यायची आणि त्यांनी दिवसभरात कधी कोणतं स्टेशन ऐकलं ते लिहायचं. तीही मुंबई, दिल्ली, बंगळूरसारख्या मोजक्या महानगरांत. नाशिक, सोलापूर, कोल्हापूरच्या श्रोत्याची आवड कुणाच्या डायरीत आलीच नाही. मुंबईत जे चाललं, ते इकडेही चालेल असं धरून पुढे जायचं.

२०१६ च्या सुमाराला आलेली रेट्रोची लाट आठवते का? तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एकाच शहरात एकापेक्षा जास्त स्टेशनं चालवायची मुभा मिळाली. मग मुंबईत ९१.९ वर 'नशा' आलं, १०६.४ वर 'रेडट्रो' आलं. जुनी गाणी! आमच्यासारखे खूश. वाटलं, शेवटी आपलं कुणीतरी ऐकलं. खरं कारण वेगळं होतं. नव्या गाण्यांचा शौकीन फोनकडे वळला होता, आणि चाळिशीचा गाडीवाला माणूस, म्हणजे कर्ज घेणारा, विमा काढणारा, फ्लॅट बघणारा, तो अजून रेडिओ लावत होता. रेडट्रोचंही पुढे 'मॅजिक' झालं, हे सांगायला नकोच.

गाणं आरजे निवडत नाही

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. "आज तुमच्यासाठी माझ्या आवडीचं गाणं" असं आरजे म्हणतो तेव्हा ते गाणं बहुतेक वेळा आधीच संगणकात लागलेलं असतं. प्रत्येक तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं. या मिनिटाला सगळ्यात गाजणारं गाणं, मग जाहिराती, मग सहा महिन्यांपूर्वीचं हिट, मग आरजेचे चाळीस सेकंद. गाण्यांचे गट पाडलेले असतात आणि कोणत्या गटातलं गाणं किती तासांनी परत वाजवायचं, हे सॉफ्टवेअर ठरवतं. नवीन गाजलेलं गाणं दिवसातून सात-आठ वेळा कानावर येतं ते त्यामुळे.

त्या गटात कोणतं गाणं घ्यायचं, यासाठी लोकांना गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवून मत विचारतात. विचार करा, दहा सेकंदांत कोणतं गाणं पास होणार? जे आधीपासून ओळखीचं आहे ते. सावकाश चढत जाणारं, तिसऱ्या कडव्यात उमलणारं गाणं या परीक्षेत नापास होतं.

मराठी गाण्यांचंही असंच. मुंबईतल्या खासगी एफएमवर मराठी इतकं कमी का, हा प्रश्न दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर येतो आणि भांडण होतं. त्यामागचं व्यावसायिक तर्कट असं आहे : मराठी माणूस हिंदी गाणं लागलं म्हणून स्टेशन बदलत नाही, पण मराठी न समजणारा मराठी गाणं लागलं की बदलतो. म्हणजे आपण सगळं ऐकून घेतो, म्हणून आपलं वाजत नाही. कोल्हापूरला 'टोमॅटो एफएम' हे पुढारी समूहाचं स्टेशन आहे. शहर एका भाषेचं असलं आणि मालक गावातला असला की हे गणित फिरू शकतं. मुंबई-पुण्यात ते फिरवायला अजून कुणी फारसं धजावलेलं नाही.

सगळ्यात मोठा बदल ऐकू येत नाही

गाणी बदलली तर निदान कळतं तरी. पण एक बदल हळूच झाला.

आधीच्या नियमांत एका कंपनीला आपला एकच कार्यक्रम अनेक शहरांत लावायची सूट फक्त लहान शहरांपुरती आणि त्या त्या विभागापुरती होती. तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणात ती देशभर मोकळी झाली. कंपनीच्या दृष्टीने सोय आहे. दहा शहरांत दहा आरजे ठेवण्यापेक्षा एकाने रात्रीचा शो करायचा आणि तो सगळीकडे वाजवायचा. पण मग "नळ स्टॉपला गर्दी आहे, म्हात्रे पुलावरून जा" हे कोण सांगणार?

त्यात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, खेळांची माहिती चालते. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पण "आपल्या वॉर्डात पाणी का येत नाही?" असा प्रश्न नगरसेवकाला थेट विचारणारा कार्यक्रम लगेच बातमी आणि चालू घडामोडींच्या हद्दीत जातो. टॉक स्टेशन इथे न रुजण्याचं हे मोठं कारण. बोलायचं, पण ज्यावर बोलण्यासारखं आहे त्यावर नाही.

स्थानिक रेडिओ म्हणजे काय, हे मुंबईने एकदा अनुभवलंय. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. वीज गेली, मोबाइल लागेनात, टीव्ही बंद. चालू होता तो बॅटरीवरचा आणि गाडीतला रेडिओ. त्या रात्री एफएमवरून अडकलेल्या लोकांचे निरोप जात होते, कुठे पाणी आहे, कुठला रस्ता टाळा, हे सांगितलं जात होतं. ते सांगू शकले, कारण बोलणारा माणूस त्याच शहरात बसला होता. माइकसमोरचा माणूस दुसऱ्या राज्यात असेल किंवा कार्यक्रम आदल्या दिवशी रेकॉर्ड झालेला असेल, तर पूर आला तरी गाणं वाजतच राहील.

श्रोत्याने सरकारला वाकवलं होतं!

मग ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नाही का? एकदा होतं.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर पुरस्कर्ता. सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटायची. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. हा देशातला सगळ्यात मोठा फॉरमॅट-बदल म्हणायला हरकत नाही. लोकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे त्याच वर्षी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाच वर्षांत सरकार नमलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला 'विविध भारती' सुरू झाली, सिनेमाची गाणी घेऊन.

केसकरांना शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याच काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, त्या कोवळ्या केंद्राने गदिमा आणि सुधीर फडक्यांचं 'गीतरामायण' सुरू केलं. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर, एकूण ५६. केंद्रावरचे सीताकांत लाड मागे उभे राहिले म्हणून ते झालं. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसायचे, असं जुनी माणसं सांगतात. ना आधी चाचणी, ना दहा सेकंदांचा तुकडा. आज एखाद्या स्टेशनच्या बैठकीत "दर आठवड्याला एकच नवं गाणं, वर्षभर, गावातल्याच कवी-संगीतकाराचं" असं कुणी सुचवलं तर काय होईल, याची कल्पना करा.

आकाशवाणीही बदलतेच, आणि तिथलं बदलणं कधीकधी जास्त लागतं. जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरवलं. आमच्या घरी पुण्याच्या सात-दहाच्या बातम्या म्हणजे डबा भरायची वेळ. वडील घड्याळ बघायचे नाहीत, बातम्या ऐकायचे. त्यामुळे ती बातमी वाचून मला जरा धक्काच बसला. पण त्यावर ओरड झाली, लोकप्रतिनिधी बोलले, पत्रं गेली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली.

हा फरक बघा. सरकारी स्टेशनच्या बाबतीत ठोठवायला निदान एक दार आहे. खासगी स्टेशनचा फॉरमॅट बदलला तर तुम्ही फार तर त्यांच्या इन्स्टाग्राम पोस्टखाली रागाची कमेंट टाकू शकता. आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं स्पष्ट सांगितलंय. लहरी आपल्या, त्यावर काय वाजेल हे विचारायची सोय मात्र नाही.

कम्युनिटी रेडिओ हा त्यातल्या त्यात वेगळा रस्ता. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर आहे, साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' ९०.४ वर आहे. आवाका काही किलोमीटरचा, जाहिरात तुटपुंजी, पण तिथे बोलणारी बाई शेजारच्या वाडीतली असते. तिला "फॉरमॅट काय?" विचारलंत तर ती हसेल.

आता पुढे काय? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी एफएम नसलेल्या २३४ शहरांसाठी ७३० चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळावी, हा त्यामागचा एक हेतू सांगितला गेला. म्हणजे पहिल्यांदाच एफएम येणारी गावं आहेत. तिथल्या स्टेशनवर गावातलाच कुणी बोलेल की मुंबईचा शो वाजेल, ते परवाना घेणारा ठरवेल.

माझ्या गाडीतलं तिसरं बटण मी सध्या १०१ ला लावलंय, पुण्याची विविध भारती. परवा दुपारी तिथे फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं वाचत होते. निवेदिकेने गावासकट एकेक नाव सावकाश वाचलं आणि त्यात एक नाव चुकलं. तिने ते थांबून दुरुस्त केलं आणि मगच गाणं लावलं.